ऑगस्टमधलं मत

7 ऑगस्ट 2018 ला मिशिगनमध्ये जे घडलं ते भारतातल्या कुणालाही सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. डेट्रॉइट आणि लगतच्या भागातून अर्धशतकाहून जास्त काळ निवडून येणारे खासदार जॉन कॉन्यर्स यांनी डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिला होता. त्यामुळे एकाच जागेसाठी दोन निवडणुका आल्या. एक त्यांच्या मुदतीचे उरलेले थोडे आठवडे भरून काढायला, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. दोन्हींच्या प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायची निवडणूक, एकाच दिवशी, मतदारही तेच. रशिदा तलैब आणि शहराच्या नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स, दोघी डेमोक्रॅटिक पक्षाच्या, दोन्हीकडे उभ्या होत्या. पूर्ण मुदतीची प्रायमरी तलैब यांनी सुमारे 900 मतांनी जिंकली. उरलेल्या आठवड्यांची जिंकली जोन्स यांनी.

मतदारांचं मन एका कागदावर दोनदा बदललेलं नव्हतं. पूर्ण मुदतीच्या यादीत सहा नावं होती, छोट्या मुदतीच्या यादीत चार. जास्तीची दोन नावं कुणाची किती मतं खाणार, यावर सगळं फिरलं. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार तर नव्हताच, म्हणजे नोव्हेंबरमध्ये ठरायचं काही उरलंच नव्हतं. जोन्स जेमतेम पाच आठवडे वॉशिंग्टनला बसल्या. तलैब अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या पहिल्या दोन मुस्लिम स्त्रियांपैकी एक झाल्या. हे सगळं ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ठरलं, आणि त्या दिवशी माझ्या ओळखीची निम्मी मराठी घरं सुट्टीसाठी पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला गेलेली होती.

मी या राज्यात मत देते. इथल्या प्रायमरीबद्दल मला जे वाटतं ते इतकंच आहे, की नोव्हेंबरमध्ये आपण बाजू निवडतो, ऑगस्टमध्ये माणूस निवडावा लागतो, आणि माणूस निवडणं फार कठीण आहे. समोरच्या पक्षाचा राग तिथे कामाला येत नाही. सगळे उमेदवार जवळपास एकच भाषा बोलत असतात. मग तुम्हाला खरोखर बघावं लागतं, की हा माणूस काय करून आलाय, कुणाच्या पैशावर उभा आहे, अडचणीच्या वेळी कसा वागला.

मी वाढले त्या भागात हे बघायचं काम मतदाराकडे कधी आलंच नाही. निवडणूक जवळ आली की सगळ्यांचे डोळे एबी फॉर्मकडे. फॉर्म कुणाला मिळाला, कुणाचा शेवटच्या तासाला कापला, कोण रातोरात पक्ष बदलून दुसरीकडून घेऊन आला. माझे एक मामा आयुष्यभर एका पक्षाचे कार्यकर्ते. सतरंज्या उचलल्या, बूथवर बसले, पोलिसांचा मार खाल्ला. तालुक्यातून कोण उभं राहणार हे मात्र त्यांना दर वेळी पेपरमधून कळायचं. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी दुसऱ्या दिवसापासून राबायचं. मतदार तर त्याहून लांब. त्याच्यापुढे तयार नावं येतात, त्यातलं एक उचलायचं.

भारतात काँग्रेस पक्षानं 2014 च्या लोकसभेआधी मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानानं ठरवण्याचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. मत मात्र पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनाच होतं, सामान्य मतदाराला नाही. त्या लाटेत दोन्ही जागा गेल्या आणि प्रयोगही तिथेच थांबला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. एका निवडणुकीतल्या हरण्या-जिंकण्यावर अशा गोष्टीची परीक्षा होत नसते. अमेरिकेतसुद्धा पुढाऱ्यांनी बंद खोलीत उमेदवार ठरवायची पद्धत दीर्घकाळ होती. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी वर्षानुवर्षं भांडून 1903 मध्ये थेट प्रायमरीचा कायदा करवून घेतला आणि पुढच्या वर्षी मतदारांनी सार्वमतात त्यावर शिक्कामोर्तब केलं. हळूहळू इतर राज्यं त्या वाटेनं गेली.

मिशिगनची प्रायमरी त्यातही खुली. मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. मतदान केंद्रात जो लांब कागद हातात येतो त्यावर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. काळ्या पेनानं लंबगोल भरायचे. एकच बंधन आहे, ज्या पक्षाच्या रकान्यात पहिली खूण केली त्याच रकान्यात शेवटपर्यंत राहायचं. गव्हर्नरसाठी, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखासाठी, इकडे आणि खासदारकीसाठी तिकडे अशी खूण झाली की पक्षांच्या भागातली सगळी मतं बाद. मशीन तो कागद परत बाहेर ढकलतं आणि टेबलापाशी बसलेली बाई नवा कागद हवा का विचारते. 2018 मध्ये माझ्या पुढच्या आजोबांचं तसंच झालं. ते नवा कागद घेऊन परत आडोशाला गेले आणि खूप वेळ उभे राहिले. त्यांना दोन्हीकडचं कुणीतरी आवडत होतं आणि आता एक सोडायचं होतं. रांगेतलं कुणी चुळबुळलं नाही.

त्या वर्षी गव्हर्नरपद मोकळं होत होतं. रिक स्नायडर यांच्या दोन मुदती संपल्या होत्या, तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. त्यांच्याच काळात, एप्रिल 2014 मध्ये, सरकारनं नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाताखाली फ्लिंट शहराचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि ते पाणी लहान मुलं प्यायली. मी प्रयोगशाळेत काम करते. शिशाचे आकडे काय सांगतात हे मला कागदावरून कळतं, आणि त्या काळात ते आकडे मनातून जात नव्हते. त्यामुळे 2018 ची प्रायमरी मी जितकी मनापासून पाहिली तितकी त्याआधी कुठलीच निवडणूक पाहिली नव्हती.

डेमोक्रॅटिक रकान्यात तीन नावं होती. ग्रेचेन व्हिटमर, अब्दुल एल-सायेद आणि श्री ठाणेदार.

एल-सायेद तेव्हा तेहतीस वर्षांचे. इजिप्तहून आलेल्या आई-वडलांचा मुलगा, मिशिगनमध्येच जन्मलेला. वैद्यकाचं शिक्षण, साथरोगशास्त्राचा अभ्यास, ऱ्होड्स शिष्यवृत्ती, आणि डेट्रॉइट शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख म्हणून काम. कंपन्यांच्या निधीतून पैसे घेणार नाही म्हणाले. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, ही त्यांची मुख्य मागणी. बर्नी सँडर्स आणि अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ त्यांच्या प्रचाराला येऊन गेले. आधी न्यूयॉर्कला राहत असताना तिथे मतदान केल्यामुळे ते उभे राहण्यास पात्र आहेत का यावरच वाद झाला आणि कोर्टापर्यंत गेला. त्यांचं भाषण ऐकताना मला नेहमी वाटायचं की हा माणूस आकड्यांच्या मागची माणसं बघतो.

व्हिटमर राज्याच्या राजकारणात मुरलेल्या. विधिमंडळात चौदा वर्षं, सिनेटमध्ये विरोधी पक्षनेत्या, नंतर थोडा काळ सरकारी वकील. त्यांच्या प्रचाराचा गाभा होता खड्डे. हे सगळे रस्ते एकदाचे दुरुस्त करा, असं त्या सरळ, जरा शिवराळच शब्दांत म्हणत आणि ते राज्यभर पोचलं. इथल्या हिवाळ्यात रस्ते फुटतात, टायर जातात, आणि मजुरीवर जगणाऱ्या माणसाला एक टायर म्हणजे आठवड्याचा किराणा असतो. एल-सायेद यांनी त्यांना विमा कंपन्यांच्या जवळच्या म्हणून घेरलं. व्हिटमर यांचे वडील राज्यातल्या सर्वांत मोठ्या आरोग्य विमा संस्थेचे प्रमुख राहिलेले होते, आणि तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी निधी जमवला होता. प्रश्न योग्य होता. प्रायमरी नसती तर आपल्याच पक्षातल्या माणसाला तो कुणी उघडपणे विचारलाही नसता.

आणि तिसरे ठाणेदार. इथे माझी परीक्षा होती.

श्री ठाणेदार मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे. माझं आजोळ निपाणीचं. त्या पट्ट्यात मराठी माणूस काय आणि कसा जगतो हे मला माहीत आहे. घरची ओढाताण, धारवाडच्या विद्यापीठाची पदवी, मुंबईला एमएस्सी, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी, 1979 मध्ये अमेरिका, ॲक्रनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट. 1991 मध्ये पंचाहत्तर हजार डॉलरला एक छोटी प्रयोगशाळा विकत घेतली आणि प्रचंड वाढवली. 2010 मध्ये कर्जापायी बँकेनं सगळं ताब्यात घेतलं. मग मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन पुन्हा शून्यातून नवी कंपनी उभी केली. हे त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहून सांगितलं आणि ते महाराष्ट्रात घराघरांत वाचलं गेलं. माझ्या आईनं ते दोनदा वाचलं होतं. फोनवर म्हणाली, "अगं, आपल्या चिकोडीचा मुलगा तिथला गव्हर्नर व्हायला निघालाय. तू तरी त्याला मत देशील ना?"

मंडळाच्या उन्हाळी सहलीत हाच विषय होता. एका बाजूला कणसं भाजली जात होती आणि दुसऱ्या बाजूला एक ज्येष्ठ काका सगळ्यांना समजावत होते, "चाळीस वर्षं इथे कर भरतोय आपण. पहिल्यांदा आपला माणूस मतपत्रिकेवर दिसतोय. बाकीचं नंतर बघू." मी गप्प राहिले नाही. म्हटलं, "काका, बाकीचंच आत्ता बघायचं असतं." ते रागावले नाहीत. माझ्या ताटात आणखी एक कणीस ठेवून म्हणाले, "बघ बाई तू."

मी बघितलं. ठाणेदार यांनी प्रचारात स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी त्यांची जाहिरात आली. लोक त्यांचं नाव उच्चारायचा प्रयत्न करतायत, अडखळतायत, हसतायत, अशी. ती जाहिरात चालली आणि वसंतात काही चाचण्यांमध्ये ते व्हिटमर यांच्या बरोबरीला दिसले. भूमिका बर्नी सँडर्स यांच्या वळणाच्या होत्या, किमान वेतन पंधरा डॉलर, सरकारी आरोग्य विमा. पण सार्वजनिक कामाचा अनुभव नव्हता. विरोधक त्यांच्या पुरोगामीपणावर शंका घेत होते. जुन्या कंपनीची न्यू जर्सीतली प्राण्यांवर चाचण्या करणारी प्रयोगशाळा 2010 मध्ये बंद पडली तेव्हा आत अडकलेल्या कुत्र्यांचा आणि माकडांचा विषयही निघाला. तेव्हा ताबा बँकेकडे होता असं त्यांचं उत्तर होतं. त्यांच्या आयुष्याबद्दल मला आदर होता आणि आहे. चिकोडीहून निघून दोनदा उभं राहणं म्हणजे काय, हे मी कुणाकडून शिकायची गरज नाही. पण फ्लिंटच्या पाण्यानंतर मला सरकार चालवता येईल असं माणूस हवं होतं.

मी व्हिटमर यांना मत दिलं, त्याचं कारण डिसेंबर 2013 मधलं आहे. गर्भपाताला सर्वसाधारण आरोग्य विम्यातून संरक्षण नको, हवं तर बाईनं आधीच वेगळा विमा काढावा, असा कायदा सिनेटमध्ये येत होता. बलात्कारातून गर्भ राहिला तरी अपवाद नाही. व्हिटमर यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजमध्ये असताना आपल्यावर बलात्कार झाला होता हे भर सभागृहात सांगितलं. कायदा तरीही मंजूर झाला. आपण हरणार हे माहीत असताना, एकही मत फिरणार नाही हे दिसत असताना, त्या बोलल्या. त्याच वर्षी गरिबांचा सरकारी विमा वाढवण्यासाठी त्यांनी विरोधी पक्षाच्या गव्हर्नरबरोबर बसून कामही केलं होतं. या दोन गोष्टी एका माणसात असणं मला फार मोठं वाटलं. पुढे 2023 मध्ये गव्हर्नर म्हणून त्यांनीच तो कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली.

निकाल एकतर्फी लागला. व्हिटमर सुमारे 52 टक्के, एल-सायेद 30, ठाणेदार जवळपास 18. राज्यातल्या सगळ्याच्या सगळ्या 83 काउंट्या, म्हणजे जिल्हे, व्हिटमर यांच्याकडे. तरी ठाणेदार यांना मत देणारी माणसं दोन लाखांवर होती, आणि डेट्रॉइट शहरात त्यांचा टक्का राज्यापेक्षा बराच जास्त होता. ते जाहिरातीच्या पैशाचं काम, असं म्हणून अनेकांनी तो आकडा बाजूला सारला. मला ते पटत नाही. ज्या वस्त्यांमध्ये उमेदवार फिरकतही नाहीत तिथे ते जाऊन उभे राहत होते, आणि त्या वस्त्यांनी ते लक्षात ठेवलं.

रिपब्लिकन बाजूलाही चौघांत चुरस होती. ट्रम्प यांचा पाठिंबा मिळालेले बिल शुएट जिंकले. दोन्ही पक्ष मिळून 21 लाखांवर मतं पडली. ऑगस्टमध्ये मिशिगननं एवढं मतदान त्याआधी पाहिलं नव्हतं.

ठाणेदार थांबले नाहीत. डेट्रॉइटला राहायला गेले, 2020 मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि 2022 मध्ये नव्यानं आखलेल्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार. ठाणेदार जिंकले, 28 टक्क्यांवर. दुसरे ॲडम हॉलियर, 23 टक्क्यांच्या पुढे. माझ्या फोनवर त्या रात्री अभिनंदनाचे संदेश येत होते, चिकोडीचे, निपाणीचे, पुण्याचे. आई रडत होती आनंदानं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. माझी एक सहकारीण डेट्रॉइटची आहे, तिच्या तीन पिढ्या त्या शहरात गेल्या. कृष्णवर्णीय आहे. बराच वेळ ती नमुन्यांच्या नळ्यांवर पट्ट्या चिकटवत राहिली आणि मग म्हणाली, "तुमच्या लोकांना आनंद झाला असेल. आमच्याकडे आता कुणीच उरलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. डेट्रॉइटच्या लोकसंख्येत तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. चार्ल्स डिग्ज जानेवारी 1955 मध्ये वॉशिंग्टनला गेले तेव्हापासून या शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय खासदार असायचाच. ती ओळ 2022 च्या त्या प्रायमरीनं तुटली. बाकीच्या आठ जणांत मतं वाटली गेली आणि दहातल्या सात मतदारांनी ज्यांना निवडलं नव्हतं ते निवडून आले. काकांचा "आपला माणूस" तिचाही होताच, फक्त तो दुसरा होता. मी तिला काय उत्तर देणार? तिच्याबरोबर पट्ट्या चिकटवायला बसले.

ठाणेदार नियमानं जिंकले, त्यात खोट काढायला जागा नाही. खोट नियमात आहे. जॉर्जियात, टेक्ससमध्ये प्रायमरीत कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची दुसरी फेरी होते. मिशिगनमध्ये नाही. ज्या मतदारसंघात नोव्हेंबर नावापुरता असतो तिथे ऑगस्टमध्ये 28 टक्क्यांवर सगळं संपणं मला मान्य नाही. उद्या ते 28 टक्के माझ्या आवडत्या उमेदवाराचे असले तरी मान्य नाही. दुसरी फेरी ठेवा किंवा पसंतीक्रम लावून मत द्यायची सोय करा. डेट्रॉइटच्या लोकांना तेवढं तरी मिळायला हवं.

दुसरी गोष्ट सह्यांची. मतपत्रिकेवर नाव यायला गव्हर्नरच्या उमेदवाराला निदान 15 हजार वैध सह्या लागतात. काँग्रेससाठी हजार. उन्हाळ्याच्या आधी लायब्ररीबाहेर, चर्चच्या पायऱ्यांपाशी, जत्रेत माणसं पुठ्ठ्याला कागद लावून उभी दिसतात. मीही उभी राहिले आहे. गार वाऱ्यात बोटं वळत नाहीत, समोरचा मनुष्य पत्ता चुकीच्या रकान्यात लिहितो, आणि ज्याला थांबून प्रश्न विचारायचे असतात तो शेवटी सही न करताच जातो. तरी त्या कामात उमेदवाराला मतदार भेटतो. पैसे देऊन सह्या आणवल्या की काय होतं ते 2022 मध्ये दिसलं. रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नरपदाचे पाच उमेदवार बाद झाले, त्यात चाचण्यांमध्ये आघाडीवर असलेले डेट्रॉइटचे माजी पोलिसप्रमुख जेम्स क्रेगही होते. पैसे घेऊन सह्या आणणाऱ्या 36 जणांनी निदान 68 हजार खोट्या सह्या भरल्याचं राज्याच्या निवडणूक कार्यालयाला आढळलं. काही जण टेबलाभोवती बसून यादीतली नावं आळीपाळीनं लिहीत, हस्ताक्षर बदलतं दिसावं म्हणून. 2024 मध्ये हॉलियर पुन्हा ठाणेदार यांच्यासमोर उभे राहायला निघाले. ठाणेदार यांच्या बाजूनं हरकत घेतली गेली, तपासणीत हजार वैध सह्या भरल्या नाहीत आणि हॉलियर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. ती लढत व्हायला हवी होती. तेराव्या मतदारसंघाला दोघांतला एक निवडायचा हक्क होता, आणि तो मतदाराच्या हातात पोचण्याआधीच गेला.

त्या लांब कागदाच्या तळाशी, बरेच जण पोचतच नाहीत अशा जागी, प्रिसिंक्ट डेलिगेटचा रकाना असतो. प्रत्येक मतदान केंद्राच्या भागातून पक्षाचे प्रतिनिधी निवडायचे. पुष्कळदा तिथे एकही नाव छापलेलं नसतं. कुणी हातानं नाव लिहून मोजक्या मतांनी निवडून येतं. हीच माणसं काउंटीच्या अधिवेशनात बसतात आणि तिथून राज्य अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरतात. मिशिगनमध्ये ॲटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटचे उमेदवार प्रायमरीत नाही, त्या अधिवेशनात ठरतात. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मामीला हाक मारली आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

दर सम वर्षी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ही प्रायमरी असते. आपली मुलं तेव्हा सुट्टीवर असतात आणि घरं भारतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यघटना दुरुस्त केली, त्यामुळे टपालानं मतपत्रिका मागवायला आता कारण द्यावं लागत नाही. मतपत्रिका मतदानाच्या चाळीसेक दिवस आधी, जूनच्या शेवटी, निघते. जूनमध्येच निघणार असाल तर निवडणुकीचं काम बघणाऱ्या आपल्या गावाच्या क्लार्ककडे मे महिन्यात चौकशी करून ठेवा. सहलीतले ते काका आता तेच करतात. मागच्या खेपेला त्यांनी मला फोन करून तासभर उमेदवारांची माहिती विचारली, एकेकाची, वही घेऊन. शेवटी कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.